पुस्तकरावांचं स्वतःचं वाक्य

पडदा वर जातो तेव्हा समोर दुसऱ्या मजल्यावरची एक पुढची खोली दिसते. उजवीकडे खिडकी, तिच्या गजांवर वाळत घातलेला टॉवेल. डावीकडे भिंतीला लागून पलंग. हा पलंग मुळात आतल्या खोलीतला, पण आजारी माणसाला घरातली ये-जा दिसावी म्हणून बाहेर आणलेला. त्यामुळे सोफा बिचारा दाराआड तिरका उभा आहे, शिक्षा केलेल्या मुलासारखा. मधोमध टीव्ही. पलंगावर उशांना टेकून बसलेले एक बारीक अंगाचे म्हातारे गृहस्थ. त्यांचा उजवा हात मांडीवर आहे, पण तो त्यांनी ठेवलेला दिसत नाही; दुसऱ्या कुणीतरी आणून ठेवला असावा तसा आहे. दुपारचा पिवळट उजेड. आतून भांड्यांचा आवाज, आणि त्यावर चढलेला एका बाईचा आवाज.

"आज सूप जरा घट्ट झालंय हं. नाक मुरडायचं नाही."

उत्तर नाही.

"मुरडलंत ना? मला इथून दिसतं."

उत्तर नाही. येणार नाही हे त्या बाईला पक्कं ठाऊक आहे. तरी प्रत्येक वाक्यानंतर ती उत्तरापुरती जागा सोडते आणि मगच पुढचं बोलते. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिचा नवरा एक अक्षर बोललेला नाही, आणि तिने ती जागा सोडायचं थांबवलेलं नाही.

या गृहस्थांना सगळी नाटकवाली माणसं पुस्तकराव म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. ते प्रॉम्प्टर होते. विंगेत एका लाकडी स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची संहिता, डोक्यावर कागदाची टोपी घातलेला मिणमिणता दिवा, आणि रंगमंचावर कुणाचं वाक्य अडलं की ते हलकेच त्याच्या कानापर्यंत पोचवायचं. पहिल्या रांगेला कळता कामा नये आणि नटाला कळल्याशिवाय राहता कामा नये, असा आवाज. तो आवाज कमवायला त्यांची उमेदीची वर्षं गेली. राजे, वकील, खुनी, पतिव्रता, सगळे त्यांच्या कुजबुजीवर जगले. टाळ्या मात्र पुढे वाजत. नाटक संपल्यावर पडदा पुन्हा उघडून सगळे हात धरून उभे राहत तेव्हा पुस्तकराव स्टूल उचलून ठेवत असत.

बायकोवरही नाटकवाल्यांनी विनोद सोडला नव्हता. लग्न झाल्यावर एका विनोदी नटाने तिला बघून सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "अरे, पुस्तकाला मुखपृष्ठ मिळालं!" आणि मुलगी झाली तेव्हा तोच पेढ्यांऐवजी बिस्किटांचा पुडा घेऊन दवाखान्यात आला होता. "सुधारून काढलेली आवृत्ती बघायला आलोय." पुस्तकराव हसले होते. उत्तर तिनेच दिलं होतं. घरात उत्तरं द्यायचं काम तिच्याकडेच असायचं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायला होती. दिवसभर यंत्राच्या घरघरीत उभं राहून आल्यामुळे तिला मोठ्याने बोलायची सवय, आणि त्यांना हळू बोलायची. शेजारी म्हणत, या घरात भांडण झालं तरी एकाच बाजूचं ऐकू येतं.

झटक्यानंतर डॉक्टर म्हणाले होते, वाचा परत येऊ शकेल, नाहीही येणार. आणि दाराबाहेर, चपला घालता घालता, लेकीला म्हणाले होते की दुसरा झटका केव्हाही येईल, तयारी ठेवा. दार उघडंच होतं. आतल्या बाईने ते ऐकलं. तिने तयारी केली ती एवढीच: तिने लेकीला सांगितलं, "मला बाकी काही नको. त्यांचं एक वाक्य हवंय. त्यांचं स्वतःचं. पाणी दे म्हणाले तरी चालेल."

वाचा सुधारायला एक तरुण बाई येऊन गेल्या. त्यांच्याकडे चित्रांचे पत्ते होते. कप दाखवायच्या, किल्ली दाखवायच्या, छत्री दाखवायच्या. "आजोबा, हे काय आहे? सांगा बरं." पुस्तकरावांनी छत्रीकडे बघितलं, त्या बाईंकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. त्या गेल्यावर बायको म्हणाली, "त्यांना वाटलं असेल, एवढी शिकलेली मुलगी आणि हिला छत्री माहीत नाही! कीव आली हो त्यांना." लेक हसली. पलंगावर काहीच हललं नाही.

अशा घरात ते यंत्र आलं, आणि तेसुद्धा अडगळ म्हणून. लेकीच्या मुलांच्या परीक्षा जवळ आल्या होत्या. टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र घरात असेल तर अभ्यासाची वही कुणी उघडणार नाही, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी ती ते पिशवीत घालून आईकडे घेऊन आली.

"म्हणजे तुझ्या घरातली अवदसा माझ्या घरात," आई म्हणाली.

"परीक्षा होईपर्यंत गं."

"लग्न झाल्यावर तुझे स्केट्स असेच महिनाभर ठेवायला दिले होतेस. अजून माळ्यावर आहेत."

लेक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. दुपारी लवकर सुटली की ती वडिलांजवळ बसायला यायची, म्हणजे आईला बाहेर जाऊन औषधं, भाजी आणता यावी. चार दिवस यंत्र पिशवीत राहिलं. पाचव्या दिवशी आई परत आली तर ते टीव्हीला जोडलेलं, आणि लेक जमिनीवर मांडी घालून, दोन्ही हातांत ते बटणांचं काय ते घेऊन बसलेली.

"मुलांना ओरडतेस आणि स्वतः गं?"

"आई, मी लहान असताना तू मला म्हणायचीस, बाबा झोपलेत, आवाज करू नकोस. माझं खेळायचं राहून गेलंय."

 आई भाजीची पिशवी घेऊन तशीच पलंगाच्या कडेला टेकली.

टीव्हीवर काळोख होता आणि काळोखात वारा वाहत होता. मग जमिनीतलं एक जड लोखंडी दार करकरत उघडलं, एक माणूस तळघरातून वर आला, आणि उजेड एवढा झाला की क्षणभर काही दिसेना. मग दिसलं. पडलेलं शहर. क्षितिजापर्यंत पडलेलं. मध्येच तुटलेला उड्डाणपूल आणि त्याच्या टोकाला अर्धी बाहेर लटकलेली बस. खिडक्या नसलेल्या इमारती. गंजून एकमेकींना चिकटलेल्या मोटारी. रस्त्याच्या भेगांतून वर आलेलं गवत वाऱ्याने एका बाजूला झोपत होतं आणि पुन्हा उठत होतं.

"हे काय झालंय?"

"जग संपलंय. मोठं युद्ध झालं. हा एकटा वाचला तळघरात. आता याने कुठेही जायचं. तो डोंगर दिसतोय ना? तिथेसुद्धा जाता येतं."

"तिथे काय आहे?"

"काही नाही. पण जाता येतं."

आईने मान हलवली. "केवढी ही धूळ! एक घर झाडलेलं नाही."

"अगं, जग संपलंय!"

"जग संपलं म्हणून झाडू संपला का?"

लेकीने त्या माणसाला एका घरात शिरवलं. ती फडताळं उघडून डबे उचलायला लागली, सुऱ्या, दोऱ्या, बाटल्या. आईला ते बघवेना. लोकांच्या घरात न विचारता शिरायचं, वर त्यांच्या वस्तू घ्यायच्या? लेक म्हणाली की मालक नाहीत, आणि मग माणूस स्वयंपाकघरात वळला तर मालक होते. टेबलाशी समोरासमोर बसलेले दोन सांगाडे. मध्ये दोन कप. एक हाडाचा हात दुसऱ्याच्या कपाकडे गेलेला आणि तिथेच राहिलेला.

 आई काहीतरी म्हणायला नवऱ्याकडे वळली आणि थबकली. पुस्तकराव उशांपासून पुढे आले होते. त्यांचे डोळे, जे इतके दिवस भिंतीवर आणि भिंतीच्या पलीकडे कुठेतरी लागलेले असत, ते त्या कपांवर होते. जन्मभर त्यांनी जळालेले राजवाडे पाहिले होते ते दोन पुठ्ठ्याच्या खांबांचे आणि तांबड्या दिव्याचे. एवढं मोठं, एवढं मन लावून पाडलेलं नेपथ्य त्यांच्या नजरेखालून कधी गेलं नव्हतं.

"बघू दे त्यांना," ती लेकीला हळूच म्हणाली. "खेळ तू."

त्या ओसाडीत पुढे एक विहीर होती, आणि विहिरीवर एक बाई. अंगावर चिंध्यांची शाल, तोंडावर राख, हातात रिकामी बादली. तिचं बोलणं परक्या भाषेत, पण खाली टीव्हीवर ते आपल्या भाषेत लिहून येई. ती म्हणाली, "किती दिवसांनी माणूस दिसला. तहान लागलीय का तुला?" मग ती थांबली, आणि तिच्या खाली तीन उत्तरं उमटली. त्यातलं एक निवडायचं की ती पुढे बोलणार. लेकीने निवडलं, "पाणी कुठे मिळेल?" ती बाई म्हणाली, "उत्तरेची विहीर आटली. जुन्या शाळेच्या टाकीत थोडं आहे. पण कुत्र्यांपासून जप."

लेक कुत्र्यांपासून जपली नाही. तिचा माणूस मेला आणि लगेच पुन्हा विहिरीपाशी उभा राहिला.

"मेला होता ना?" आईने विचारलं.

"इथे मेल्यावर परत येता येतं."

"बरंय की मग," आई म्हणाली आणि भाजी निवडायला आत गेली.

त्या दुपारी लेक कुत्र्यांच्या हातून पुन्हा पुन्हा मेली, आणि प्रत्येक वेळी विहिरीवरच्या बाईशी तेच बोलणं पहिल्यापासून झालं. किती दिवसांनी माणूस दिसला. तहान लागलीय का. उत्तरेची विहीर आटली. जणू तालीम चालली होती. मग प्रयोगशाळेतून फोन आला, लेक बटणांचं ते खाली ठेवून गॅलरीत गेली आणि विहिरीवरची बाई तशीच राहिली, तिच्या पहिल्या वाक्यानंतर, तोंडाकडे बघत.

आई सूप घेऊन बाहेर आली ती दारातच थांबली. खोलीत कुणीतरी बोललं होतं. टीव्हीचा आवाज नव्हता तो. तो आवाज तिने अंधाऱ्या विंगेत, पहिल्याच प्रयोगाला, त्यांच्या स्टुलामागे उभं राहून ऐकला होता.

"उत्तरेची विहीर आटली."

पुस्तकराव पलंगावरून टीव्हीकडे वाकले होते. विहिरीवरची बाई गप्प. तिने बादली या हातातून त्या हातात घेतली, तिचे खांदे पडले, पण तोंडातून शब्द नाही. पुस्तकरावांनी डावा हात किंचित उचलला, नट ऐकत नसला की उचलत असत तसा, आणि थोडं वरच्या पट्टीत, थोडं चिडून, पुन्हा दिलं:

"उत्तरेची... विहीर... आटली."

लेक धावत आत आली. "आई! बाबा बोलले! बाबा, काय म्हणालात? पुन्हा म्हणा ना!" पुस्तकरावांनी तिच्याकडे बघितलं, विंगेत मोठ्याने बोलणाऱ्याकडे बघावं तसं, आणि पुन्हा उशांना टेकले. लेक आईला शोधत स्वयंपाकघरात गेली. आई ओट्याशी, नळ सोडून उभी.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग रडतेस काय?"

"कांदा चिरतेय."

"कांदा कुठाय?"

"आणायचाय."

लेकीने नळ बंद केला. मग आई बोलली, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबेना. इतके महिने मी सूप भरवतेय, कूस बदलतेय, गोष्टी सांगतेय, एकटीने दोघांचं बोलतेय. माझ्यासाठी एक शब्द नाही. आणि त्या चिंध्यावाल्या बाईसाठी दोनदा? ती आहे तरी का कुठे?

"आई, त्यांना वाटलं ती वाक्य विसरली. म्हणून दिलं त्यांनी. ती विसरली नव्हती गं. ती त्यांच्या उत्तरासाठी थांबली होती."

आई पदराने डोळे पुसत होती, ती मध्येच थांबली.

"त्यांच्या उत्तरासाठी आजवर कोण थांबलंय," ती म्हणाली, "म्हणून त्यांना ते ओळखू यावं?"

आणि ते खरं होतं. ते बोलत होते तोवर ती स्वतःही कधी थांबली नव्हती. तिला एकेक आठवत गेलं. लग्नाआधी ते घरी आले होते तेव्हा तिचे वडील तिचं कौतुक करताना मध्येच अडले होते, हिला बक्षीस मिळालं होतं ते कशात बरं, आणि समोर बसलेल्या त्या बारीक अंगाच्या पाहुण्याने कपातून तोंड न काढता सांगितलं होतं, "हस्ताक्षरात." भिंतीवरचं प्रशस्तिपत्र त्यांनी येता येता वाचलं होतं. त्या दिवशीचा त्यांचा तो एकच शब्द. ती त्यावरच भाळली. पुढे तिची आई गेली तेव्हा भावाला फोन लावून ती नुसतीच उभी राहिली होती, भाऊ पलीकडून हॅलो हॅलो करत होता आणि तिच्या तोंडून काही फुटत नव्हतं. मागून कानाशी आवाज आला होता, "आई गेली, म्हण." ती म्हणाली होती. अडलेल्या प्रत्येक जागी त्यांनी तिला शब्द दिला होता. पण स्वतःच्या पोटातलं, तुझं मला हे आवडतं, हे आवडत नाही, आज कंटाळा आला, भीती वाटते, असं एक वाक्य? ते तिने कधी मागितलं नाही आणि त्यांनी कधी दिलं नाही.

दुसऱ्या दिवशीपासून तिने युक्ती सुरू केली. अडलं की बोलतात ना? मग अडायचं. ती पलंगाशी बसून म्हणाली, "अहो, आज खाली कोण भेटलं सांगू? ते आपले... ते हो... तुमच्या नाटकात दिवे लावायचे ते... काय बाई त्यांचं..." आणि कपाळावर बोट ठेवून थांबली.

पुस्तकरावांनी तिच्याकडे नीट बघितलं. आणि ओठाचा चांगला असलेला कोपरा किंचित वर गेला. हसले ते! पण शब्द नाही.

"वेडी की काय तू," संध्याकाळी लेक म्हणाली. "बाबांना फसवतेस? अडल्याचं सोंग?"

आईला तेव्हा लक्षात आलं. पुस्तकरावांची सगळी कीर्ती याच गोष्टीची होती. नट विसरला आहे की मुद्दाम थांबला आहे, हे ओळखणं म्हणजे प्रॉम्प्टरची परीक्षा. एकदा त्यांना ताप होता म्हणून त्यांच्या जागी दुसऱ्याला बसवलं, आणि थोरल्या नटाने मरणाच्या प्रवेशात मुद्दाम मोठा विराम घेतला तेव्हा त्या दुसऱ्याने घाबरून वाक्य दिलं. सगळं थिएटर हसलं. नट मेला तो रागाने लाल होऊन मेला. पुस्तकरावांकडून असं एकदाही झालं नव्हतं. ते सांगत, थांबलेल्याचा श्वास छातीत असतो, विसरलेल्याचा खांद्यांतून निघून जातो. विहिरीवरची बाई बादली या हातातून त्या हातात घेताना खांदे पाडायची, म्हणून ते फसले. बायकोचे खांदे ते लग्नापासून ओळखत होते.

मग तिने ठरवलं की खरंच अडायचं, आणि त्यासाठी तिला फार शोधावं लागलं नाही. दुपारी लेक नसताना तिने टीव्ही लावला, यंत्र चालू केलं आणि ते बटणांचं हातात घेतलं. तिचा माणूस भिंतीला नाक लावून चालू लागला. मग आभाळाकडे बघू लागला. मग स्वतःभोवती फिरला. तिने एक बटण दाबलं तर त्याने विहिरीवरच्या बाईच्या अंगावर उडी मारली.

"अगं आई गं! आता? आता काय करू? हा मागे कसा जातो?"

यात सोंग काहीच नव्हतं. 

"खालचं," पुस्तकराव म्हणाले.

ती वळून बघणार होती, पण वळली नाही. इतकी वर्षं नाटकवाल्यांत काढल्यावर तिला एवढं कळत होतं की वाक्य मिळाल्यावर विंगेकडे बघायचं नसतं. तिने खालचं बटण दाबलं.

त्यानंतरच्या सगळ्या दुपारी अशा गेल्या. तिची बोटं, त्यांचे शब्द. लेकीने ज्या वस्तू गोळा करायला शिकवलं होतं त्या ती विसरायची आणि पडक्या घरांतून फक्त चष्मे उचलायची. धूळ बसलेले, काडी मोडलेले, एका काचेचे. सगळी पिशवी चष्म्यांनी भरली, पाण्याला जागा उरली नाही आणि तिचा माणूस तहानेने मेला. लेकीने कपाळाला हात लावला. "आई, चष्म्यांचा इथे काही उपयोग नाही!" आई म्हणाली, "उपयोग नसेना. कुणाच्या तरी डोळ्यांवरचे आहेत. पायाखाली येतात ते बघवत नाही." बंदूक मिळाली ती तिने झाडाखाली ठेवून दिली. कुत्रे आले की ती बटणांचं ते छातीशी धरून डोळे मिटायची.

आणि माणसं भेटली की पुस्तकराव बोलायचे. कुणी विचारलं, कुठून आलास, तर खाली उमटलेल्या तिनांपैकी एक ते हलक्या आवाजात द्यायचे, ती त्यावर बटण दाबायची आणि ओसाडीतला माणूस ते बोलायचा. "मला कुणाशी वैर नाही." "हे पाणी घे, माझ्याकडे आहे." "रस्ता दाखवशील?" त्यांना नेहमी मऊ उत्तर सुचायचं. धमकीचं त्यांनी कधी दिलं नाही. लेकीने एकदा पाहिलं आणि ती दारातूनच परत गेली. नंतर ती आईला म्हणाली, "बोलतायत की गं. तुला हवं होतं ना?"

"ते त्यात लिहिलेलं वाचतात. ते काय त्यांचं आहे?" आई म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "नको, तक्रार नाही माझी. आवाज तरी आहे घरात."

पण आवाज बारीक होत चालला होता. डॉक्टर येऊन गेले, छाती तपासली, या वेळी दाराबाहेर काही म्हणाले नाहीत. सूप आणखी पातळ झालं. दुपारी पुस्तकराव मध्येच झोपी जायचे, मग ती त्या माणसाला एखाद्या भिंतीच्या सावलीत बसवून ठेवायची आणि टीव्हीचा आवाज बंद करून ते जागे होईपर्यंत गवताचं झोपणं-उठणं बघत बसायची.

एका दुपारी त्यांचा माणूस चालत चालत एका वस्तीपाशी पोचला. मोटारींची दारं आणि पत्रे जोडून केलेली उंच भिंत, आत चुलींचा धूर, आणि फाटकापाशी पहारेकरी. लेक म्हणाली होती की एवढ्या मोठ्या ओसाडीत माणसांची वस्ती असलेली हीच काय ती जागा. त्या दुपारी तिथे काय झालं ते बायकोने तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. तिने टीव्ही तेवढा बंद केला, यंत्र तसंच चालू ठेवलं आणि नवऱ्याचे पाय चेपत बसली.

दुसरा झटका पहाटे आला. पुस्तकराव सकाळपर्यंत होते, पण नसल्यासारखे. मग तेही संपलं. माणसं आली. थोरला नट काठी टेकत आला आणि चार शब्द बोलायला उभा राहिला. बोलता बोलता त्याचं वाक्य अडलं, सवयीने त्याने मान डावीकडे वळवली, आणि तिथे कुणी नाही हे बघून तो खाली बसला. लोकांनी ते बघितलं. त्या दिवसातलं सगळ्यात खरं भाषण तेच झालं.

पुढे घर रिकामं झालं. पलंग आत गेला, सोफा बाहेर आला. मुलांच्या परीक्षा संपल्या होत्या, आणि लेक यंत्र न्यायला आली.

"अगं, हे चालूच आहे! इतके दिवस? हा बारका दिवा दिसला नाही तुला?"

"दिसला."

लेकीने टीव्ही लावला. फाटक तसंच होतं, धूर तसाच. पहारेकरी भाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत तोंडाकडे बघत होता. त्याच्या खाली त्याचा प्रश्न लिहिलेला होता, "तुझ्याबरोबर कोण आहे?" आणि त्याखाली तीन उत्तरं. कुणी नाही, मी एकटा आहे. तुला काय करायचंय? आणि तिसरं, काही न बोलता मागे फिर.

"आई, इथे का थांबवलंस? पहिलं दाबलं की फाटक उघडतं."

"माहितेय."

"मग? बाबांना सुचलं नाही का उत्तर?"

"सुचलं होतं. पण ते त्या तिनांत नव्हतं." आईने टेबलावरचा टॉवेल उचलला आणि त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "मी खरंच अडले होते गं. पहिलं दाबायला हात होईना. म्हटलं, देतील ते. त्यांनी तिन्ही वाचली. खूप वेळ लावला. मला वाटलं झोपले. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, त्या पहारेकऱ्याकडेच बघत राहिले. आणि मग बोलले. कुजबुजत नाही, चांगलं मोठ्याने, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं."

"काय म्हणाले?"

"त्याने विचारलं होतं ना, तुझ्याबरोबर कोण आहे? त्याला म्हणाले, 'ही आहे ना.'"